प्राचीन इजिप्शियन पद्धतीची उभी आकृती कशी रेखाटावी : जाळी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शाळेच्या भिंतीवर, नाटकाच्या पडद्यावर किंवा चित्रकलेच्या प्रकल्पात इजिप्शियन आकृती काढायची वेळ आली, की बहुतेक जण सुरुवात डोळ्यापासून करतात. काजळाची रेघ ओढलेला मोठा डोळा, त्याभोवती चेहरा, वर मुकुट आणि उरलेल्या जागेत बसेल तसे शरीर, या क्रमाने काम झाले की डोके जड होते, पाय आखूड पडतात आणि दोन्ही हात काटकोनात मोडल्यासारखे दिसतात. तशी आकृती इजिप्तमधल्या भिंतींवर शोधूनही सापडणार नाही. तिथला रेखाटनकार आधी जागा मोजत असे, मग शरीराचे ठरलेले टप्पे त्या मापावर बसवत असे आणि बाह्यरेषा त्यानंतर काढत असे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. मुख्य उदाहरण म्हणून उजवीकडे तोंड केलेला, एका हातात लांब काठी आणि दुसऱ्या हातात आखूड अधिकारदंड घेतलेला उभा पुरुष घेतला आहे, कारण ही एक आकृती नीट जमली की बाकीच्या आकृती तिच्यात थोडे फेरफार करून काढता येतात.

## तयारी

पहिली तयारी कागदाची नसून काळ ठरवण्याची आहे. इजिप्शियन शैली तीन हजार वर्षे एकसारखी राहिली असे समजून लोक निरनिराळ्या शतकांतील अवयव एकाच आकृतीत एकत्र करतात. जुन्या राज्यकाळात, म्हणजे साधारण इ. स. पूर्व २७०० ते २२०० या काळात, पूर्ण जाळीऐवजी काही मोजक्या आडव्या मार्गदर्शक रेषा आणि एक उभी मध्यरेषा वापरत. मध्य राज्यकाळापासून, म्हणजे साधारण इ. स. पूर्व २००० पासून, तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांची जाळी रूढ झाली आणि ती पुढे हजाराहून अधिक वर्षे टिकली. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात अखेनातेन राजाच्या कारकिर्दीत शरीराची प्रमाणे मुद्दाम बदलली गेली. लांब मान, सुटलेले पोट आणि भरदार मांड्या ही त्या काळाची ओळख आहे. सव्विसाव्या राजवंशाच्या, म्हणजे इ. स. पूर्व ६६४ नंतरच्या, काळात २१ चौकोनांची जाळी दिसते, आणि तीत माप केसांच्या रेषेऐवजी डोळ्याच्या वरच्या पापणीपर्यंत घेतात. शिकणाऱ्याने १८ चौकोनांची पद्धत घ्यावी आणि पूर्ण चित्रात तीच पाळावी.

साहित्य साधे आहे : ए-३ आकाराचा जाड कागद, मोजपट्टी, गुण्या, साधी पेन्सिल, लाल पेन्सिल आणि काळी शाई. छापील आलेख कागद टाळावा. त्यावरचे बारीक चौकोन उपयोगी चौकोनांत मिसळतात आणि नजर गोंधळते.

भिंतीवर काम असेल तर गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरावी आणि मधोमध टिचकी मारावी. सुतार फळीवर रेघ उमटवतो तशीच सरळ लाल रेघ उमटते. इजिप्तमधील कारागीरही हेच करत, आणि दोरीने उडालेले लाल शिंतोडे काही अपूर्ण भिंतींवर आजही दिसतात. उभ्या रेषांसाठी ओळंबा लावावा. जमीन समतल आहे असे गृहीत धरू नये.

## पायरी १ : आधाररेषा आणि जाळी

कागद उभा ठेवून खालून ४ सेंटिमीटरवर जाड आडवी रेषा काढावी. ही आधाररेषा. तिला शून्य क्रमांक द्यावा. तिच्या वर दीड-दीड सेंटिमीटर अंतराने १८ रेषा आखाव्यात, म्हणजे केसांची रेषा आधाररेषेपासून बरोबर २७ सेंटिमीटरवर येते. त्याच मापाच्या उभ्या रेषा आखून चौकोन पूर्ण करावेत. वर उरलेली जागा केसांचा टोप किंवा मुकुट आणि लेख यांसाठी आहे. जाळी तिथेही वाढवायला हरकत नाही. एक उभी रेषा मध्यरेषा म्हणून ठळक करावी, पण ती कागदाच्या मध्यापेक्षा किंचित डावीकडे घ्यावी, कारण उजवीकडे काठीला जागा लागते.

इशारा : रेषांचा क्रमांक आणि चौकोनांचा क्रमांक यांत गल्लत करू नये. या लेखात सगळीकडे रेषांचे क्रमांक दिले आहेत. बहुतेकांची आकृती एका चौकोनाने बुटकी होते ती इथेच, कारण ते आधाररेषेलाच एक म्हणतात.

दुसरा इशारा टोपाबद्दल आहे. अठरावी रेषा म्हणजे डोक्याचा माथा नव्हे, मुकुटाचे टोक तर नव्हेच. कपाळ जिथे संपते आणि केस जिथे सुरू होतात तिथेच माप थांबते. मुकुट आणि टोप यांची उंची प्रत्येक वेळी वेगळी असल्यामुळे त्यांना मोजमापात धरले असते, तर उंच मुकुटाच्या राजाचे शरीर आखूड काढावे लागले असते.

## पायरी २ : ठरलेले टप्पे टिंबांनी नोंदवणे

अजून कोणतीही बाह्यरेषा काढायची नाही. लाल पेन्सिलीने फक्त पुढील जागा नोंदवाव्यात. गुडघा सहाव्या रेषेवर येतो. नितंबाची खालची कड नवव्या रेषेच्या आसपास, पाठीचा कमरेजवळचा खोलगट भाग अकराव्या रेषेच्या आसपास, खाली सोडलेल्या हाताचे कोपर बाराव्या रेषेवर आणि स्तनाग्र चौदाव्या रेषेच्या आसपास येते. मान जिथे खांद्याला मिळते ती जागा सोळाव्या रेषेवर, नाकाची खालची कड सतराव्या रेषेवर आणि केसांची रेषा अठराव्या रेषेवर असते.

आता रुंदी. खांदे एकूण ६ चौकोन रुंद, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. बगलांच्या पातळीवर धड साधारण ४ चौकोन, कंबर सुमारे अडीच चौकोन, मिटलेली मूठ १ चौकोन आणि पाऊल तीन ते साडेतीन चौकोन लांब. मध्यरेषा कानाच्या पुढून उतरते आणि बगलांच्या पातळीवर धडाचे दोन सारखे भाग करते.

तपासणी : गुडघ्याचे टिंब एकूण उंचीच्या एक तृतीयांशावर आणि नितंबाच्या खालच्या कडेचे टिंब बरोबर अर्ध्यावर आहे का, ते मोजून पाहावे. नसेल तर पुढे जाऊ नये. प्राचीन कारागीर या मापांतून एखाद्या रेषेने इकडेतिकडे सरकतही. मात्र त्याचा हात तयार झालेला असे. पहिल्या दहा आकृतींत आपण ती मोकळीक घेऊ नये.

## पायरी ३ : धड

चुकांचे प्रमाण इथे सर्वांत जास्त आहे. डोके बाजूने आणि खांदे समोरून, एवढे सगळ्यांना पाठ असते. गोंधळ खांद्यांच्या खाली होतो. लोक छातीही पूर्ण समोरून काढतात, दोन्ही स्तनाग्रे दाखवतात, बेंबी मधोमध ठेवतात आणि मग कमरेपाशी अचानक शरीर पिळून पाय बाजूने काढतात.

खरी रचना अशी आहे. खांद्यांची वरची रेषा समोरून दिसते. उजवीकडे तोंड असल्यामुळे धडाची उजवी कड ही छातीची बाजूने दिसणारी बाह्यरेषा असते, म्हणून स्तनाग्र एकच आणि तेही या कडेलगत येते. डावी कड बगलेपासून पाठीच्या खोलगट भागापर्यंत तिरपी आत येते आणि तिथून नितंबाकडे बाहेर वळते. बेंबी मधोमध नसून पुढच्या कडेकडे सरकलेली असते. कमरपट्टा आडवा सरळ नसतो. पाठीकडे तो उंच आणि पोटाकडे किंचित खाली उतरलेला असतो. एवढ्या एका तिरकसपणाने कमरेचा पीळ नाहीसा होतो, आणि पट्टा सरळ ओढला की धड व पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटू लागतात.

या रचनेमागे निरीक्षणाची उणीव नव्हती. प्रत्येक अवयव ज्या बाजूने सर्वांत पूर्णपणे ओळखू येतो त्या बाजूने तो दाखवायचा, असा नियम होता, आणि कबरीतील चित्रात मृत व्यक्तीचे शरीर पूर्ण असणे आवश्यक मानले जाई. शंका आली की याच कसोटीला धरून निर्णय घ्यावा.

## पायरी ४ : पाय आणि पावले

दोन्ही पाय बाजूने काढावेत. प्रेक्षकापासून दूरचा पाय पुढे टाकलेला आणि जवळचा पाय मागे असतो. त्यामुळे उजवीकडे पाहणाऱ्या आकृतीत डावा पाय पुढे येतो. दोन्ही तळवे आधाररेषेवर पूर्ण टेकलेले असावेत. टाच उचललेली दिसता कामा नये, कारण ही चालण्याच्या ओघातली क्षणिक स्थिती नाही.

पावलांची गोष्ट गमतीची आहे. अठराव्या राजवंशाच्या मध्यापर्यंत दोन्ही पावले आतल्या बाजूने दाखवत, म्हणजे प्रत्येक पावलाचा फक्त अंगठा दिसतो आणि तळव्याखाली कमानीची पोकळी दिसते. परिणामी माणसाला दोन डावी पावले असल्यासारखे वाटते. नंतरच्या चित्रांत जवळच्या पावलाची पाचही बोटे ओळीने दिसू लागतात, पण हा बदल सर्वत्र झाला नाही. आपल्या आकृतीत दोन्ही अंगठे ठेवावेत.

इशारा : कमानीची पोकळी विसरू नये. ती नसेल तर पाऊल लाकडी खडावेसारखे दिसते.

## पायरी ५ : हात, काठी आणि दंड

दूरचा, म्हणजे डावा, हात पुढे येऊन काठी धरतो. काठी एखाद्या उभ्या जाळीरेषेवरच बसवावी, म्हणजे ती आपोआप सरळ राहते आणि आधाररेषेवर टेकते. जवळचा, म्हणजे उजवा, हात शरीरालगत खाली सुटलेला असतो. त्याचे कोपर बाराव्या रेषेवर येते, मूठ नितंबाच्या खालच्या कडेच्या आसपास पोहोचते आणि मुठीतला अधिकारदंड आडवा होऊन कमरवस्त्राच्या पुढून जातो.

आकृती डावीकडे वळवायची झाल्यास कागद नुसता आरशासारखा उलटवू नये. उजवीकडे पाहणारी दिशा ही मूळ मानलेली होती आणि काठी डाव्या हातात, दंड उजव्या हातात हा संकेत वळवतानाही पाळला जाई. म्हणून डावीकडे पाहणाऱ्या आकृतीत काठी प्रेक्षकाच्या जवळच्या हातात येते, दंड दूरच्या हातात जातो आणि त्याची दांडी शरीराच्या मागून गेलेली दाखवतात. पाय मात्र दोन्ही दिशांना दूरचाच पुढे. संगणकावर चित्र उलटवून छापणाऱ्यांची चूक याच ठिकाणी पकडता येते.

नाट्यपडद्यांवर सर्रास दिसणारे, एक तळवा पुढे आणि एक मागे करून मोडलेले हात काढू नयेत. हात वर असतील तर त्याला कारण असते : पूजेत दोन्ही तळवे देवतेकडे, अर्पण करताना हातात पात्र, शोकात तळवे डोक्याकडे. हातांना आधी काम द्यावे आणि मग ते काढावेत.

## पायरी ६ : डोके आणि चेहरा

आता डोळ्याची पाळी. सोळाव्या आणि अठराव्या रेषांच्या मधल्या दोन चौकोनांत मान आणि चेहरा बसवावा. कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी बाजूने. डोळा आणि भुवई समोरून, पूर्ण लांबीची. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेले असते, पांढऱ्या भागात तरंगत नाही. ओठ अर्धेच दिसतात. कान एकच, पण पूर्ण.

नियम आहे म्हणजे अपवाद नाही असे नव्हे. ब्रिटिश म्युझियममधील नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीच्या चित्रांत बसलेल्या वादक स्त्रियांपैकी दोघींचे चेहरे चक्क समोरून काढलेले आहेत, आणि बेनी हसन येथील कबरींतले कुस्तीगीर हवे तसे वाकतात, उलटतात. चित्रातल्या व्यक्तीचा दर्जा जितका खालचा, तितकी रेखाटनकाराला मोकळीक जास्त. ही मोकळीक राजा, देव आणि कबरीचा मालक यांना देऊ नये.

## पायरी ७ : काळ्या शाईने दुरुस्ती

आतापर्यंतचे सर्व काम लाल आहे. ते बाजूला ठेवून थोड्या वेळाने पाहावे आणि दुरुस्तीची रेषा काळ्या शाईने काढावी. लाल रेषेवरून गिरवत जाऊ नये. चुकले असेल तिथे काळी रेषा बेधडक वेगळी न्यावी. राजांच्या खोऱ्यातील होरेमहेब राजाच्या अपूर्ण कबरीत लाल आराखडा आणि त्यावरची काळी दुरुस्ती शेजारी शेजारी दिसतात. ब्रिटिश म्युझियममध्ये पांढरा लेप दिलेली एक लाकडी सराव-फळीही आहे, जिच्यावर लाल जाळीत राजा थुतमोस तिसरा याची बसलेली आकृती काढलेली आहे. तिचे छायाचित्र समोर ठेवून एकदा नक्कल करावी. माझ्या मते दहा तयार चित्रे पाहण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

तपासणी : या टप्प्यावर चित्र उलटे धरून पाहावे. काठी तिरकी, खांदे कललेले किंवा पावले रेषेवरून सुटलेली असतील तर लगेच लक्षात येते.

## पायरी ८ : रंग

रंग सपाट भरावेत. छाया-प्रकाश देऊ नये. क्रम असा ठेवावा : पार्श्वभूमी, मग त्वचा व वस्त्र, मग केस, मग दागिन्यांचे तपशील आणि अगदी शेवटी गडद बाह्यरेषा. बाह्यरेषा आधी पक्की करून मग रंग भरले तर कडा मळतात.

पुरुषांची त्वचा गेरूसारखी तांबूस, स्त्रियांची पिवडीसारखी फिकट पिवळी हा सर्वसाधारण संकेत होता. मृतांचा देव ओसायरिस याची त्वचा हिरवी किंवा काळी दाखवतात. काळ्यासाठी काजळी, लाल-पिवळ्यासाठी गेरू आणि पिवडी, हिरव्यासाठी मॅलाकाइट हे हिरवे खनिज वापरत. निळा मात्र बनवावा लागे : वाळू, चुना, तांबे आणि क्षार एकत्र भाजून. आजच्या पोस्टर रंगांतला गडद निळा थेट लावल्यास फार झगझगीत दिसतो. त्यात थोडा पांढरा आणि हिरव्याचा एक थेंब मिसळावा. रंग बांधण्यासाठी प्राण्यांपासून केलेला सरस किंवा बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक वापरत. आपल्या बाभळीच्या शास्त्रीय नावातला ‘निलोटिका’ हा शब्द नाईलवरूनच आलेला आहे, त्यामुळे घरी रंग घोटणाऱ्याला साहित्यासाठी दूर जावे लागणार नाही. रंग कोरड्या गिलाव्यावर लावत, ओल्यावर नव्हे. भिंतीवर काम करणाऱ्यांनी गिलावा पूर्ण वाळू द्यावा.

## पायरी ९ : शेजारचा लेख

चित्रलिपीतील पक्षी, माणसे आणि प्राणी ज्या दिशेला पाहतात त्या बाजूने वाचन सुरू होते, आणि व्यक्तीविषयीचा लेख त्या व्यक्तीच्याच दिशेला तोंड करून असतो. म्हणजे आपल्या आकृतीच्या लेखातली चिन्हेही उजवीकडे पाहतील आणि लेख उजवीकडून डावीकडे वाचला जाईल. नावाभोवतीची लंबगोल चौकट राजघराण्यातील नावांसाठी असे. विद्यार्थी हौसेने स्वतःचे नाव तीत लिहितात. अधिकाऱ्याच्या आकृतीशेजारी ती चौकट काढू नये.

## इतर आकृतींसाठी बदल

स्त्रीच्या आकृतीत खांदे ४ ते ५ चौकोन रुंद ठेवावेत, पाठीचा खोलगट भाग थोडा वर घ्यावा आणि पावले जवळजवळ एकत्र ठेवावीत. बसलेल्या आकृतीची उंची केसांच्या रेषेपर्यंत १४ चौकोन होते, कारण मांड्या आडव्या झाल्याने ४ चौकोन कमी होतात. एकाच पट्ट्यात, म्हणजे एकाच आधाररेषेवरच्या चित्ररांगेत, बसलेला मालक आणि उभे सेवक यांची डोकी एका पातळीवर हवी असतील, तर मालकासाठी चौकोनच मोठे घ्यावेत. आकार अंतर सांगत नाही, दर्जा सांगतो. दूरचा माणूस लहान काढला की शैली तिथेच संपली. गर्दी दाखवायची असेल तर आकृती एकमेकींवर थोड्या सरकवून काढाव्यात किंवा वरच्या पट्ट्यात न्याव्यात.

## मूर्ती करायची असल्यास

प्लास्टरच्या किंवा मऊ दगडाच्या चौकोनी ठोकळ्याच्या समोर, मागे आणि दोन्ही बाजूंवर एकाच आधाररेषेवरून जाळी आखावी आणि प्रत्येक बाजूवर त्या बाजूचे दृश्य काढावे. नंतर सर्व बाजूंनी पातळ थर उतरवावा, पुसल्या गेलेल्या खुणा पुन्हा काढाव्यात आणि पुढचा थर घ्यावा. गिझा येथील मेनकाउरे राजाच्या मंदिरात निरनिराळ्या टप्प्यांवर सोडलेल्या अपूर्ण मूर्ती सापडल्या आहेत. त्यांवर कारागिरांच्या लाल खुणाही आहेत. नवशिके समोरचा चेहरा आधी पूर्ण करतात आणि मग बाजूने पाहताना कान मागे सरकलेले आढळतात.

उभ्या पुरुषमूर्तीत डावा पाय पुढे असतो, पण वजन दोन्ही पायांवर सारखे. कंबर कलू देऊ नये, मान वळवू नये. पाठीमागे दगडाचा उभा खांब सोडावा. हात आणि धड यांच्यामधला, तसेच दोन पायांमधला दगड कोरून काढू नये, अन्यथा हात पहिल्याच धक्क्याला तुटेल. लाकडात ही अडचण नसते, कारण हात वेगळे करून जोडता येतात. सक्कारा येथील का-आपेरच्या लाकडी मूर्तीत अवयवांमधली जागा खरोखरच मोकळी आहे. रंगांसाठी मेदुम येथील राहोतेप आणि नोफ्रेत यांच्या चुनखडीच्या जोडमूर्ती पाहाव्यात. त्या कैरोच्या संग्रहालयात आहेत आणि पुरुषाचा तांबूस व स्त्रीचा फिकट पिवळा वर्ण त्यांवर अजूनही स्पष्ट दिसतो. अवयवांमध्ये शिल्लक ठेवलेल्या दगडाला त्वचेचा रंग देऊ नये. तो मागच्या खांबाच्या रंगात रंगवला की नजर त्याला शरीराचा भाग समजत नाही.